चढावरची तार

ठिपका डोंगराच्या चुकीच्या बाजूला होता.

मी मामाच्या सायकलच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चाकाचा आउट काढत बसले होते. चाक स्टँडवर चढवायचं, बोटाने फिरवायचं, कुठे डुलतंय ते बघायचं आणि तिथला आरा किल्लीने जरासा आवळायचा. या कामात नजर चाकावरून हलवायची नसते. पण फोन समोरच्या फळीवर ग्रीसच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं, मनात नसताना. हिरवं जंगल, त्यात मी आखलेली केशरी रेघ, रेघेवर निळा ठिपका. निळा ठिपका म्हणजे आई. या वेळी ती डोंगराच्या उजव्या अंगाला असायला हवी होती, जंगलातून चढणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, धापा टाकत, मला शिव्या घालत. ठिपका डाव्या अंगाला होता. डांबरी घाटावर. मुंगीसारखा वर सरकत होता. मी चाक फिरवलं, परत बघितलं. नकाशे कधीकधी येड्यासारखे वागतात, ढग आले की ठिपका उड्या मारतो, एकदा माझाच ठिपका तलावाच्या मधोमध दिसला होता आणि आईने कामावरून मामाला फोन करून गाडी काढायला लावली होती, मी तेव्हा तलावाच्या काठावर पाय सोडून बिस्किटं खात होते. पण हा उड्या मारत नव्हता. शहाण्यासारखा एकेक वळण घेत चालला होता. आई आणि तिच्यासोबत गेलेला तो दातवाला, दोघांनी माझा रूट उलटा केला होता.

रूट उलटा करायला काही लागत नाही. फोनवर एक बटण आहे, ते दाबलं की रेघेवरचे सगळे बाण तोंड फिरवतात आणि चढ होता तो उतार होतो. लोकांना वाटतं रस्ता तो रस्ता, इकडून गेलं काय नि तिकडून गेलं काय. तसं नसतं. चढताना तुम्ही रस्ता बघता. उतरताना रस्ता तुमच्या अंगावर येतो. मी हे आईला शंभरदा सांगितलं असेल, पण आई ऐकते का, आई ऐकते त्या दातवाल्याचं. आई दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, पेशंटच्या तोंडात ती थुंकी ओढणारी नळी धरते आणि 'श्वास घ्या, झालंच आता' म्हणते. दातवाला म्हणजे तिचा डॉक्टर. त्याने एक दिवस ग्रॅव्हल सायकल घेतली, वाकड्या हँडलची, जाड टायरची, खडीवर, माती-जंगलात चालवायची, आमच्याच दुकानातून घेतली, माझ्याच हाताने मी ती जोडून दिली. मग दवाखान्यात दिवसभर तेच. मग आईला पण हवी. चाळिशी उलटलेल्या बाईने गुडघ्याला पट्टा बांधून जंगलात सायकल चालवायची. मी म्हटलं, तुला झालंय काय? ती म्हणाली, "तू जातेस तेव्हा तुला काय होतं?"

मी जाते ते वेगळं. मला बसवत नाही. शाळा मी सोडली ती यामुळेच, लोक उगाच काहीबाही कारणं काढतात, हिचं कुणाशी भांडण झालं, ही नापास झाली. भांडणं झाली, माझी सगळ्यांशीच होतात. पण खरं म्हणजे आमच्या वर्गाच्या खिडकीतून एक रस्ता दिसायचा, एका गोडाऊनच्या भिंतीमागे वळायचा आणि दिसेनासा व्हायचा. दोन वर्षं मी त्या वळणाकडे बघत बसले. मग एक दिवस मधल्या सुट्टीत उठले आणि बघायला गेले. तिथे काही नव्हतं, अजून रस्ताच होता. मग त्याच्या पुढचं वळण. तेव्हापासून मी हेच करते. शहराच्या बाहेर डांबर संपतं तिथून पुढे काय आहे ते बघायचं, शेतांच्या कडेने, ओढ्यातून, लाकूड वाहायच्या जुन्या रस्त्यांनी, आणि नीट असेल तर त्याची रेघ आखून दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकायची. मामा म्हणतो माझ्या रेघांमुळे दुकानाला गिऱ्हाईक येतं, म्हणून तो मला ओरडत नाही, म्हणजे ओरडतो पण प्रेमाने. कुठे पाणी मिळतं, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे वाळू आहे, कुठे फोनला रेंज नाही, सगळं मी रेघेवर खुणा करून ठेवते. सगळं.

आणि मग चाक माझ्या बोटाखाली आपोआप थांबलं.

तार.

तारेची खूण मी केलेली नव्हती. विसरले नव्हते, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या कच्च्या रस्त्यावर, अर्ध्या चढाच्या जरा वर, एका गुरंवाल्याने दोन झाडांना आडवी तार लावलीय, गुरं वरच्या नव्या झाडांत शिरू नयेत म्हणून. एका बाजूला आकडा आहे. आपण खालून येतो, चढ असा की जीव तोंडात येतो, सायकल चालतेय की उभी आहे ते कळत नाही, आणि समोर लांबूनच ती तार दिसते, उन्हात चमकते. उतरायचं, आकडा काढायचा, सायकल पलीकडे न्यायची, आकडा परत लावायचा. उघडलं तर लावायचं, हा तिकडचा नियम आहे, तो मोडला की गुरंवाला आईबहिणीवर येतो. मी कधी मोडला नाही. तारेपाशी मी पाणी प्यायचे. सायकल झाडाला टेकवून मान वर करून पानांतून आभाळ बघायचे. त्या चढावर मला उतरायला ती तार निमित्त होती, ती नसती तर मी माझ्या हट्टाने थांबले नसते आणि कुठेतरी ओकले असते. मी तार म्हणून तिचा विचारच केला नव्हता. दगडावर बसतो, त्याची कुणी खूण करतं का?

पण वरून. वरून मी कधी आलेच नव्हते. मी डोळे मिटले आणि तो रस्ता उलटा लावायचा प्रयत्न केला. वर टॉवरची सपाट जागा. तिथून सुटायचं. आधी मोकळी उतरण, बारीक खडी, सायकल गोळीसारखी जाते. मग झाडी सुरू. मग डावीकडे, म्हणजे उलटं असल्यामुळे उजवीकडे, आंधळं वळण, कातळाला चिकटून. उन्हातून एकदम सावलीत. डोळ्यांपुढे अंधारी येते ती निवळायच्या आत समोर तार. सावलीत तार चमकत नाही. आणि उंची, उंची किती होती? मी माझा हात उचलला, जसा आकडा काढताना उचलते तसा. आकडा माझ्या छातीशी यायचा. मग सायकलवर बसलेल्या माणसाच्या, पुढे वाकलेल्या माणसाच्या...

"झालं का?" गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं.

"होतंय!" मी असं काही ओरडले की मामा आतून ट्यूब हातात घेऊन बाहेर आला.

"ए भवाने, गिऱ्हाईक आहे ते. काय झालं? भूत बघितलंस?"

"मामा, आई कच्च्या रस्त्याने खाली उतरणारेय."

"मग? रस्ता तुझाच आहे ना?"

"तिथे तार आहे. आडवी. उतरताना दिसत नाही."

मामाने ट्यूब खांद्यावर टाकली. मग तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "साहेब, तुम्ही चहा पिऊन या," आणि गिऱ्हाईक काही बोलायच्या आत त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

मी आईला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, वाजतोय. चालवताना फोन उचलायचा नाही, बंद आवाजात पाठीच्या खिशात, चेन लावून. कुणी शिकवलं तिला? मीच. पहिल्या दिवशी, दुकानामागच्या मैदानात. ती एका हाताने फोन काढायला गेली आणि गोलपोस्टवर धडकली आणि हसत बसली, आणि मी इतकी भडकले की तिच्या हातातून फोन हिसकावला. "मरशील!" मी म्हटलं. ती म्हणाली, "तू बोलतेस अगदी माझ्यासारखी." मला ते आवडलं नव्हतं. परत लावला. परत. मेसेज टाकला, खाली उतरू नका, तार आहे, मानेला लागेल. मेसेज पोचल्याच्या दोन खुणा आल्या, पण त्या वाचल्याच्या निळ्या होईनात.

"दातवाल्याला लाव," मी म्हटलं.

"तुझ्याकडे नंबर नाही?"

नव्हता. त्याने दिला होता, आईसमोर, 'काही लागलं तर' म्हणून, आणि मी तो मुद्दाम उतरवून घेतला नव्हता, भिंतीकडे बघत उभी राहिले होते. मामाने त्याच्या फोनवरून लावला. बाई बोलली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी दवाखान्याचा लावला, काय सुचेल ते, तिथून आईचाच आवाज आला, रेकॉर्ड केलेला, गोड, पेशंटसाठी ठेवलेला: नमस्कार, आज दवाखाना बंद आहे, तातडीचं असेल तर डॉक्टरांच्या मोबाइलवर संपर्क करा.  मी तिथेच टायरच्या ढिगावर बसले.

ठिपका टॉवरपाशी पोचला होता. थांबला.

थांबलेत म्हणजे पाणी पितील, फोटो काढतील. दातवाला फोटो काढल्याशिवाय श्वास घेत नाही. आई आता जर्किन काढेल, झाडाला अडकवेल, फोन जर्किनच्या खिशात, म्हणजे गेलं. नाही, फोन बाहेर काढेल, मला फोटो पाठवायला, तेव्हा मिस्ड कॉल दिसतील. काढ ना. काढ गं. मी परत लावला. आईने हेच केलं असेल माझ्यासाठी, किती वेळा, खुर्चीशेजारी उभी राहून, एका हातात नळी आणि समोर आ वासलेला पेशंट. माझा ठिपका ती दिवसभर बघायची. मला त्याचा इतका राग यायचा. पाठीवर कुणी बोट ठेवून बसलंय असं वाटायचं, जंगलात, जिथे कुणी म्हणजे कुणी नाही तिथेसुद्धा. मग मी ठिपका बंद करायचे. भांडण झालं असलं की हमखास. डोंगराच्या अगदी आत शिरल्यावर बंद करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचं, रेंज नव्हती. ती ताट वाढायची. तिच्या नखांभोवतीची कातडी सोललेली असायची. मला वाटायचं दवाखान्यातल्या औषधाने होतं. मी आत्ता माझ्या अंगठ्याकडे बघितलं, तो माझ्या दातांत होता.

"तार त्या गुरंवाल्याचीच ना, तू सांगायचीस तो?" मामा म्हणाला. "कुणाकरवी तरी त्याला निरोप देता येईल. नाव काय त्याचं?"

नाव मला माहीत नव्हतं. दर खेपेला भेटायचा, दर खेपेला आम्ही भांडायचो. मागे मीच त्याला म्हटलं होतं, काका, या तारेला काहीतरी लाल बांधा, दिसत नाही कुणाला. तो म्हणाला, बांधतो गं, गाय खाते. मी म्हटलं, मग पत्र्याचा तुकडा बांधा. तो म्हणाला, तो खडखडला की गुरं बुजतात, तू काय मला गुरं शिकवतेस? आम्ही दोघंही हसलो होतो. म्हणजे मला कळलं होतं तर. तेव्हा कळलं होतं आणि मग मी पाणी पिऊन पुढे गेले, वर, वरच्या वळणाकडे, आणि सावलीतून उन्हात आले आणि सगळं डोक्यातून गेलं.

"मी जाते," मी उठले.

"कशी? दोन तासांचा रस्ता आहे. खाली बस. अजून हललेले नाहीत ना?"

तेवढ्यात हलले.

ठिपका टॉवरपासून सुटला आणि केशरी रेघेवर उजवीकडे उतरायला लागला. मला ती उतरण हातांत जाणवली. खरंच सांगते, बारीक खडी हँडलमधून तळहातांत येते तशी. मोकळी उतरण आहे ही, इथे काही नाही, इथे सोडली तरी चालेल. पण पुढे ब्रेक धर. मागे सरक, बसायचं नाही, पाय समान, दोन बोटं ब्रेकवर. मैदानात हे शिकवताना मी तिच्या मागे धावायचे, सीट धरून, आणि ती म्हणायची, सोड, सोड ना, आणि सोडलं की म्हणायची, सोडलंस का? उताराला ती भिते. उतार आला की पूर्ण ब्रेक लावते, चाकं घसटत, खरं तर असं करू नये, रिम तापते, मी किती चिडले होते त्यावरून. आता मी टायरच्या ढिगावर बसून मनात म्हणत होते, भी. भी ना आई. सगळे ब्रेक लाव. उतर आणि चालत ये, सायकल ढकलत, लोक हसले तर हसू देत.

ठिपका झाडीत शिरला. हळू होता. मला खरंच हळू वाटत होता, की नकाशा मागे राहत होता? मामा माझ्या डोक्यावरून वाकून बघत होता, त्याच्या श्वासाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येत होता, मी त्याला कोपराने ढकललं. बाहेर अर्ध्या शटरखालून लोकांचे पाय जात होते. चपला, बूट, एका लहान मुलाने ओढत नेलेलं खेळणं. सिग्नलला कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. त्या सगळ्या पायांना काही माहीत नव्हतं आणि मला त्यांचा संताप आला, सगळ्यांचा, उठून शटर पूर्ण खाली आपटावं असं वाटलं. ठिपका कातळापाशी. ठिपका वळणावर.  तिथे तार आहे, आई, तिथे माझी पाणी प्यायची जागा आहे.

ठिपका थांबला.

वळणाच्या जरा पुढे. तारेवर.

आता दोन गोष्टी असू शकतात, मी स्वतःला सांगितलं. बघितली, थांबली, उतरली, आकडा काढतेय. आकडा काढायला किती वेळ लागतो? एक श्वास. नव्या माणसाला दोन. सायकल पलीकडे न्यायला अजून थोडा. आकडा परत लावायला. ती लावेल परत, ती दवाखान्यातला ड्रॉवरसुद्धा उघडा ठेवत नाही. आता पाणी पीत असेल. आता वर बघत असेल. मी तिला तेवढा वेळ दिला, मग परत तेवढाच दिला.  मग मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात जड होता, आणि त्या जडपणावरून मला कळलं की त्याचाही वेळ संपलाय.

फोन वाजला. आई.

"ऐक," ती म्हणाली. "मी बरी आहे."

मी हसले. मोठ्याने, खो खो, पोट धरून. मामापण हसायला लागला, त्याचे डोळे भरलेले. त्याने ट्यूब हवेत फेकली. मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, बरी आहे, बरी आहे.

"हसतेस काय गं? ऐक म्हणते ना!" आई तिच्या दवाखान्याच्या आवाजात बोलत होती, सपाट, सावकाश, त्या आवाजात ती घाबरलेल्या माणसांना हात खाली ठेवायला सांगते. "डॉक्टर पुढे होते. मी खूप मागे होते, ब्रेक लावत येत होते. इथे तार आहे एक. ते तारेत गेले. मानेला कापलंय, बाजूला. रक्त खूप आहे. मी दाबून धरलंय, दोन्ही हातांनी धरावं लागतंय, फोन गवतात आहे, स्पीकरवर. श्वास चाललाय त्यांचा. अँब्युलन्स निघालीय खालच्या गावातून पण त्यांना हा रस्ता दिसत नाहीये नकाशावर. मी त्यांना तुझा नंबर दिलाय. तू सांग. मला आता बोलवत नाही."

तिच्या मागे कुणीतरी आवाज करत होतं. माणूस बोलायला जातो आणि पाणीच येतं, असा काहीतरी. "बोलू नका," आई त्याला म्हणाली. "माझ्याकडे बघा. झालंच आता."

मग लाइन तुटली.

मला लाज वाटायला हवी होती, तेवढंही सुचत नव्हतं, पण तेव्हाच पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ठिपका एक होता तरी माणसं दोन होती. इतका वेळ दोन माणसं उतरत होती आणि मी एकालाच उतरवत होते. तो पुढे होता. तो पुढेच असणार, तो दवाखान्याच्या दारातून आत शिरतानाही पुढे असतो. एकदा मी आईला न्यायला गेले होते आणि काचेतून बघितलं, तो तिला काहीतरी सांगत होता, आणि ती हसली, आमच्या घरी हसते तशी नाही, मान मागे टाकून, गळा दिसेल अशी. मी आत गेलेच नाही. तशीच परत निघाले, सायकल मारत मारत शहराबाहेर, आणि त्या दिवशी ठिपका बंद केला.

फोन. अनोळखी नंबर.

"हॅलो ताई? तुम्हीच ना रस्ता सांगणार? इथं आम्हाला नुसतं जंगल दाखवतंय हो."

"तुम्ही कुठे आहात आत्ता?"

"पाण्याची टाकी आहे एक, पांढरी."

"टाकीच्या मागून जा. पुढून नको, पुढचा रस्ता शेतात संपतो. मागे कच्चा रस्ता आहे, लाल."

"हां. दिसला. गाडी जाईल ना?"

"लाकडाचे ट्रक जायचे त्यावरून. जाईल."

मी डोळे मिटले होते. हा रस्ता मला खालून पाठ होता, खालून मला त्याचा एकेक दगड दिसत होता. ओढ्यात उतरताना डावं अंग धरा, उजवीकडे वाळू आहे. ओढ्यानंतर रेंज जाते ती पार वर तारेपाशी परत येते, म्हणून आधीच सगळं ऐकून घ्या. गाडीचा आवाज फोनमधून येत होता, खालचं लोखंड दगडाला घासत होतं, ड्रायव्हरच्या शेजारी कुणीतरी 'देवा देवा' करत होतं. पुढे एक शेड लागेल, पत्रे उडालेली. शेडपाशी रस्ता फुटतो.

"फुटतो म्हणजे कुठे जायचं ताई? डावीकडे की उजवीकडे?"

डावीकडे जुनी खाण आहे. तिथे एकदा गाडी शिरली की वळवायला जागा नाही, मागे मागे यावं लागतं, अर्धा तास जातो. हे मला माहीत होतं, फक्त मला. डावीकडे, एवढा एकच शब्द. कुणी काही म्हटलं नसतं, पोरगी घाबरली, गोंधळली, म्हणाले असते. आई परत आमच्या घरी हसली असती. हा विचार माझ्या मनात आला असं मी म्हणणार नाही, तो तिथे होताच, टायरच्या ढिगावर माझ्या शेजारी बसलेला, कधीपासून कोण जाणे, आणि मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे.

"ताई? लाइन आहे ना?"

"उजवीकडे," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आला की मामा दचकला. "उजवीकडे! डावीकडे अजिबात जाऊ नका, तिकडे खाण आहे, अडकाल. उजवीकडे चढ लागेल, पहिला गिअर टाका आणि सोडू नका. मग सरळ. फाटा नाही कुठे. बाई बसलेली दिसेल रस्त्यात. तार असेल आडवी, तुटली नसेल तर डाव्या हाताला आकडा आहे, काढा आणि टाकून द्या, परत लावू नका, कुणी ओरडलं तर माझं नाव सांगा. ऐकू येतंय का?"

"येतंय, ये..."

ओढा आला असणार. फोन गेला.

मी परत नकाशा उघडला. मामा आतून पाण्याचा पेला घेऊन आला. निळा ठिपका तिथेच होता, वळणाच्या पुढे. मघाशी तो हलावा म्हणून मी जीव टाकत होते. आता तो हलला तर आईने हात काढून फोन उचलला असा त्याचा अर्थ होता, आणि आईने हात काढायचं एकच कारण असू शकत होतं, गाडी पोचायच्या आधी. गाडी अजून ओढ्यात होती. मग वाळूच्या डाव्या अंगाने वर येईल, मग शेड, मग उजवीकडे, मग पहिला गिअर. मी तिला वर चढवत होते, दात आवळून, माझ्या मांड्या कडक झाल्या होत्या. मी त्या माणसाची मान दाबून धरत होते. ती मऊ होती, गरम, बोटांमध्ये उडत होती, मला तो आवडत नव्हता आणि माझी बोटं काढवत नव्हती.

ठिपका जरासा थरथरला. तसे ते थरथरतात. परत जागेवर बसला.

"हलू नकोस," मी म्हटलं.

मामाला वाटलं मी त्यालाच म्हणतेय. तो पेला हातात धरून तसाच उभा राहिला.